भागीदार खोटा आहे

लोकांना वाटतं, निबंधकाने पेन उचललं की फर्म जन्मते आणि पेन आडवं फिरवलं की मरते. अरे, मी नोंद करणारा! पण सांगून कुणाच्या टाळक्यात शिरेल तर शपथ.

पडद्याचं दुकान चालवणारा तो गृहस्थ बायकोला घेऊन आला, तेव्हा माझा चहा नुकताच आला होता.

"साहेब, आमच्या फर्मची नोंदणी रद्द करा. भागीदार खोटा आहे. एकट्याची फर्म होत नाही, म्हणून मीच एक नाव बनवलं. सहीही मीच ठोकली."

काय हा दीडशहाणा! "मग आता काय बिनसलं?"

तो दाराकडे बघत म्हणाला, "तो आलाय."

एका सकाळी कुणीतरी येऊन गल्ल्यावर बसलं, म्हणे. गिऱ्हाइकं त्यालाच मालक समजतात. आता तो घरी जेवायलाही येतो.

"ही त्याला भावजी म्हणते, साहेब!"

"माणूस चांगला आहे हो," बायको पुटपुटली. "आग्रह केल्याशिवाय वाढून घेत नाही."

मला हसू आवरेना. "हे बघा, खोटी असली तरी नोंदणी रद्द करायचा अधिकार मला नाही. कोर्टाचा हुकूम आणा. नाहीतर दोघं मिळून फर्म मोडल्याचं कळवा."

"कोर्टाला वेळ लागेल. तोवर मी उरणार नाही."

"नाटकं पुरे," मी म्हटलं.

पुन्हा आला तो एकटाच. शिपायाने त्याच्या तोंडावर दार लोटलं. माणूस दिसलाच नाही म्हणाला. आवाज तर इतका बारीक, की मला पुढे वाकावं लागलं. मी त्याला नाव विचारलं. त्याला ते आठवेना. सोंगाड्या लेकाचा! मी त्याला कोर्टाचा रस्ता दाखवला.

मग एका दुपारी ती बाई आली. सोबत एक उंच, नीटनेटका माणूस होता. त्याच्या अंगाला नव्या कापडाचा वास येत होता.

"साहेब, नोंदणी रद्द करा," तो म्हणाला. "भागीदार खोटा आहे. मीच नाव बनवलं होतं."

मी बाईंकडे पाहिलं. "तुमचे मिस्टर कुठे आहेत?"

"हे काय, तुमच्यासमोर बसलेत."

"मला अधिकार नाही," मी कसंबसं म्हटलं.

"असं नका करू हो," ती रडवेली झाली. "तो भागीदार रोज दाराबाहेर उभा राहून मुलांना हाका मारतो. त्यांची घरातली लाडाची नावं त्याला कशी ठाऊक, देव जाणे."