बोनटवर हात

जुनी गाडी पाहायला गेलो की मी आधी बोनटवर तळहात ठेवतो. मालकाशी बोलणं नंतर, चहा नंतर. रात्रभर थंड पडलेलं इंजिन पहिल्यांदा चालू होताना जो आवाज करतं, तेवढाच खरा असतो. गरम झाल्यावर सगळीच इंजिनं गोड बोलतात. म्हणून विकणारा हुशार असला, की गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी फिरवून आणतो आणि वर सांगतो, महिनाभर हलली नाही. बोनट खोटं बोलत नाही. हे मला इंजिनिअरिंगच्या कॉलेजात कुणी शिकवलं नाही. ते कॉलेज मी तिसऱ्या वर्षी सोडलं. तिथं चार सर होते आणि चौघांपैकी एकालाही स्वतःच्या गाडीचं चाक बदलता येत नव्हतं. नांदुऱ्याच्या एका गॅरेजात दोन वर्षं काढली, आता आजूबाजूचे लोक गाडी घ्यायची असली की मला सोबत नेतात. कुलदीपनं हात लावला म्हणजे झालं, म्हणतात. माझा बाप मात्र मला अजून 'रिकामा' म्हणतो.

सांगतो ती गोष्ट आमच्याच गाडीची.

आम्ही वडनेर भोलजीचे. वांगी, मिरची, थोडा कापूस. माझी माय, रुख्मिणी, हिच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तेही अकोल्याला. जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटर. बापाकडे एक उंच जीप आहे, लग्नाला नेली की चार लोक वळून पाहतात म्हणून घेतलेली. तिच्यात माय डोलायची, ओकायची. एकदा येताना पाण्याचा पाईप फुटला आणि माय दोन तास बाभळीखाली गोणपाटावर पडून राहिली. बाप फोनवर फिटरला शिव्या देत होता. मी मायच्या तोंडावरच्या माश्या हाकलत होतो.

तेव्हा मी ठरवलं. डिक्कीची, बुटकी गाडी घ्यायची. बुटकी गाडी रस्ता धरून चालते, पोटातलं पाणी हलत नाही. इंजिन दमदार पाहिजे, म्हणजे हायवेवर ट्रकच्या मागं ताटकळायला नको, एका दमात पुढं. आणि रोज सकाळी, न कुरकुरता, दहा वर्षं चालू झाली पाहिजे. हे तिन्ही एका गाडीत मिळणं कठीण. पळणाऱ्या गाड्या पोरांनी पिळून काढलेल्या असतात.

जेवताना हे बोललो.

"दहा वर्सं?" बापाचा घास हातातच राहिला. "दहा वर्सं कोनासाठी बे? तिले किती दिवस न्यायचं हाय?"

माय चुलीपाशी भाकर थापत होती. थापायचा आवाज थांबला नाही, फक्त थोडा हळू झाला.

आमच्याकडच्या थोरांची ही एक खोड आहे. वाईट बातमी दारात यायच्या आधीच तिला पाट मांडून ठेवतात आणि त्याला अनुभव म्हणतात. मी ताटावरून उठलो. त्या दिवसापासून बापाशी सरळ बोलणं बंद केलं. दोन वर्षं टिकेल अशी गाडी घेणं म्हणजे त्याच्या बोलण्याला मान हलवणं होतं. मला दहा वर्षांचीच गाडी हवी होती.

गाडी सापडली देऊळगाव राजाला. टर्बो पेट्रोल, एका हातची, सगळ्या सर्व्हिसिंगच्या नोंदी जपलेल्या. मालक लक्ष्मीकांत म्हणून, बँकेत कारकून होते, वारले. त्यांच्या बायको, प्रतिमाबाई, फोनवर म्हणाल्या, वीस महिने झाले, गाडी जागची हलली नाही. मी नवी बॅटरी, डबाभर पेट्रोल आणि हवेचा पंप घेतला. बाप आला, कारण सौदा म्हणे मोठ्या माणसानं करायचा असतो. आणि माय आली.

"तुह्यं काय काम तिथं?" बाप म्हणाला.

"बसायचं मले हाय," माय म्हणाली. "नवरा पायताना कोनं इचारलं नव्हतं. गाडी तरी पाहू द्या."

रविवार होता, नोव्हेंबरचा. राजूरच्या घाटात माय दोनदा ओकली. अकराच्या सुमारास पोचलो. गल्लीच्या शेवटी घर, बाजूला उत्तरेकडे तोंड करून पत्र्याचं शेड. तिथं ऊन पोचतच नसावं, जमीन ओलसर होती. प्रतिमाबाईंनी दार उघडलं. साठीच्या, केस बारीक कापलेले, आवाज अगदी हळू. त्यांनी आम्हा तिघांकडे पाहिलं आणि नजर मायवर थांबली.

मी शेडमध्ये गेलो. गाडीवर खाकी कव्हर, त्यावर बोटभर धूळ. कव्हरखालून लवंगेचा वास येत होता, कुणी आत्ताच चावल्यासारखा. मी कव्हर ओढलं. गडद निळा रंग. बोनटवर हात ठेवला.

गरम.

उन्हाचं गरम वेगळं असतं, ते वरवरचं. हे आतून येत होतं, दुधाचं पातेलं नुकतंच उतरवल्यासारखं.

मला रागच आला. "काकू, सकाळी कोणी गाडी चालवली? खोटं काऊन सांगितलं?"

"कोणी नाही चालवली, बाळा," त्या म्हणाल्या. "उघडून बघ."

मी बोनट उघडलं. बॅटरीची जागा रिकामी होती. तारा लोंबत होत्या आणि तारेच्या टोकाला कोळ्याचं जाळं होतं, जुनं. मागं जाऊन सायलेन्सरमध्ये बोट घातलं. कुंभारमाशीनं मातीचं घर बांधून नळीचं तोंड बंद केलं होतं. इंजिन एकदा जरी चालू झालं असतं, तरी ते घर उडालं असतं.

मी पुन्हा इंजिनवर हात ठेवला. हात ठेववत नव्हता.

बाप बाहेर शेजाऱ्याला मिरचीचे भाव विचारत होता. मायला मी पायरीवर बसवलं होतं. शेडमध्ये आम्ही दोघंच.

"मला कॅन्सर होता," प्रतिमाबाई म्हणाल्या. "सोमवार ते शुक्रवार, रोज संभाजीनगरला किरणांचा शेक घ्यायला न्यायचे मला. लोक हसायचे, कारकुनाला असली पळणारी गाडी कशाला म्हणून. मी तयार होईपर्यंत ते गाडी चालू करून ठेवायचे… बसल्यावर थांबायला लागू नये म्हणून. वाटेत विचारलं किती राहिलं, की म्हणायचे, पाचच मिनिटं. शंभर किलोमीटर पाचच मिनिटं…" त्या हसल्या. "मी बरी झाले. ते झोपेत गेले."

"तेव्हापासून गरम होते?"

"नाही ना. लोखंडासारखी थंड होती. तीन आठवडे झाले… सकाळी झाडायला आले तर वाफ लागली हाताला. मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी. बाकी दिवस थंड."

दवाखान्यानं मायचे वार तीन आठवड्यांपूर्वी बदलले होते. आधी सोमवार, बुधवार, शुक्रवार. आता मंगळवार, गुरुवार, शनिवार. हे या बाईंना मी सांगितलं नव्हतं. कुणाला सांगणार, आणि कशाला?

"आज रविवार आहे, काकू," मी म्हणालो.

"हो…" त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदाच."

मी परत फिरायला हवं होतं. दुसरा असता तर फिरला असता. पण मी गाडीकडे पाहिलं आणि मला भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी वाटलं. माझ्या घरात मोठी माणसं आहेत, पाच-सहा. मायच्या डायलिसिसच्या सकाळी त्यातल्या एकानंही कधी जीप चालू करून ठेवली नव्हती. ही गाडी बॅटरीवाचून तापत होती.

सायलेन्सर साफ केला, बॅटरी बसवली, पेट्रोल ओतलं, हवा भरली. चावी फिरवताच इंजिन लागलं. थंड इंजिनाचा तो पहिला खरखरता आवाज झालाच नाही. बापानं आत येऊन चाकांना लाथा मारल्या, म्हणजे सौदा झाला. "कारकुनाची गाडी हाय," म्हणाला, आणि जीप घेऊन पुढं निघून गेला. माय मागच्या सीटवर आडवी झाली, मी उशी दिली. प्रतिमाबाईंनी काचेवर हात ठेवला, गाडीसाठी होता की मायसाठी, समजलं नाही.

चिखली यायच्या आधी मायचा श्वास बदलला. आधी मला वाटलं झोपली. मग तो आवाज ऐकू आला, भिजलेली गोणी ओढल्यासारखा. आरशात पाहिलं. ओठ काळेनिळे.

"माय?"

"छातीवर… कोनी बसलं…"

छातीत पाणी चढलं होतं. चिखलीत बुलढाण्याचा रस्ता सोडला आणि गाडी खामगावकडे, अकोल्याकडे वळवली. दवाखान्याला फोन लावून सांगितलं, मशीन तयार ठेवा. बापाला फोन लावला नाही. तो काय म्हणेल ते मला पाठ होतं.

गाडी पळाली. मी खूप गाड्या चालवल्यात, गाडी कशी पळते ते मला कळतं. मी पाय दाबायच्या आधी ती पुढं जात होती. कापसाचे ट्रक एकामागून एक मागं पडले. खड्ड्याजवळ माझा पाय ब्रेककडे जाईपर्यंत वेग आधीच उतरलेला असायचा. लवंगेचा वास आत भरला होता. मागं माय कण्हत होती, मग कण्हणं थांबलं, आणि ती कुणाला तरी "हाव… हाव…" म्हणत राहिली. शांतपणे. लहान लेकरू गोष्ट ऐकताना हुंकार देतं तसं.

मशीनवर घेतल्यावर दोन तासांनी तिनं डोळे उघडले.

"तू कदीपासून इतकं गोड बोलाले लागला बे?" ती म्हणाली.

"मी कुठं बोललो?"

"रस्ताभर तं सांगून राह्यला होता. पाचच मिनिटं, ताई. पाचच मिनिटं." तिनं माझ्याकडे मान वळवली. "मायले ताई काऊन म्हणते रे येड्या…"

मी तिचा हात धरला. वाटेत मी एक शब्द उच्चारला नव्हता.

याला आता सव्वा वर्ष झालं. माय आहे. काळवंडली, बारीक झाली, पण आहे, आणि सुनेसाठी माझ्या मागं लागते. मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी मी अंगणात येतो तेव्हा बोनट गरम असतं. मी कव्हर काढतो, "राम राम, काका" म्हणतो, मायला बसवतो. माय वाटेत मागं कुणाशीतरी मिरचीबद्दल बोलते. मी ऐकत नाही. गाडी एकदाही बंद पडली नाही. दवाखान्याचे वार मध्ये बदलून पुन्हा तेच झाले, दोन्ही वेळा गाडीला आठवडाभर आधी कळलं.

बाप त्या गाडीत आजपर्यंत बसला नाही. त्याला ती बुटकी वाटते. त्याचं-माझं बोलणं अजून तेवढंच, चारा टाकला का, मोटर बंद केली का.

आज बुधवार. डायलिसिस कालच झालं. सकाळी कव्हरवर मांजर अंग पसरून झोपलेलं दिसलं म्हणून हाकलायला गेलो आणि हात बोनटला लागला.

गरम होतं.

मी धावत घरात गेलो. माय चुलीपाशी नव्हती. ती अंगणाच्या पलीकडे हातपंपावर होती, शेजारणीशी हसत, कळशी तिच्याकडून भरून घेत होती. श्वास मोकळा, पायांवर सूज नाही. मी तिला दोनदा विचारलं. "मले काई नाई झालं, तू तुह्यं तोंड धू," म्हणाली.

परत गाडीपाशी आलो, कव्हर ओढलं. मागचं दार बंद होतं, मायची उशी जागेवर. पुढची डावी सीट मात्र मागं सरकवलेली होती, शेवटच्या खाचेपर्यंत, आणि पाठ आडवी केलेली. एवढे लांब पाय आमच्या घरात एकाच माणसाचे आहेत.

बाप ओट्यावर बसून चहा पीत होता. डावा खांदा उजव्या हातानं चोळत होता, झोप नीट लागली नाही की चोळतात तसा. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. कितीतरी महिन्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. केव्हा एवढा म्हातारा झाला, मला माहीत नाही.

"बाबा," मी म्हणालो, "गाडीत बसा."

"काऊन?"

"बसा ना."

"काऊन बे? मले काय झालं? कोठी न्यून राह्यला?"

"अकोल्याले. दाखवून आणतो."

त्यानं शिवी दिली. खूप बोलला, दवाखान्यावर, माझ्यावर, रिकाम्या पोरांवर. मी त्याचा दंड धरून उठवला. त्यानं हात झटकला नाही, आणि त्याचंच मला जास्त भय वाटलं. त्याच्यासाठी पुढचं दार उघडून मी चावी आणायला वळलो. चार पावलंच गेलो असेन, तेवढ्यात मागून त्याचा चिडलेला आवाज आला.

"हाव रे, बसलो ना… दोघं-दोघं काऊन सांगून राह्यले?"

मी वळून पाहिलं. पलीकडे हातपंपाचा दांडा वर-खाली होत होता. मायची आमच्याकडे पाठ होती.