कच्ची शिवण

तलावाच्या पार टोकाला दोन डोंगर एकमेकांना खेटून उभे आहेत आणि त्यांच्यामधल्या खिंडीत एक धबधबा आहे. जमिनीवरून तो दिसत नाही. तिथवर वाट नाही, शेळ्यासुद्धा जात नाहीत. दिसला तर पाण्यावरूनच, आणि तोही होडी थेट खिंडीत घातली तरच. शिंप्याच्या बायकोला तो धबधबा बघायचा होता. शिंप्याला तो अजिबात बघायचा नव्हता. तरीही त्या सकाळी दोघंही होडीत बसले होते, कारण त्यांच्यात एक करार झाला होता.

करार बायकोनेच मांडला होता, जेवणाची ताटं उचलता उचलता. "अहो, एकदा माझ्याबरोबर या. फक्त एकदा. धबधबा बघू आणि परत येऊ. आल्यावर तुम्ही म्हणालात 'विक', तर होडी विकून टाकीन. तो विषय पुन्हा घरात निघणार नाही."

शिंप्याला आंधळा मागतो एक डोळा असं झालं. आठवडाभर टपाल कार्यालयात पार्सलं बांधणारी ही बाई सुट्टीच्या दिवशी घरात सापडायची नाही. होडी तिच्या वडिलांची. त्यांनी जन्मभर या तलावावर माणसं ऐलपैल केली आणि जाताना लेकीला होडी दिली, जावयाला घोर दिला. ती पाण्यावर असली की शिंप्याचं चित्त शिवणयंत्रावर ठरायचं नाही. एकदा तर त्याने एका वकिलाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या. त्याला पाण्याची भीती का वाटायची हे विचारण्यात अर्थ नाही. कोणाला पालीची वाटते, याला पाण्याची.

निघायच्या आदल्या दिवशी तिने शीड दुकानात आणून टाकलं. कोपऱ्यातलं दोर ओवायचं भोक फाटलं होतं, तेवढं दुरुस्त करायचं होतं. शिंप्याने ते कापायच्या मेजावर पसरलं आणि कपाळाला हात लावला. शिडाचे दोन भाग जोडणारी मधली शिवण, वरपासून खालपर्यंत, म्हणजे नुसता धावदोरा! लांबच लांब टाके, शेवटाला गाठसुद्धा नाही. आणि असल्या चिंधीच्या भरवशावर आपली बायको तलावावर जाते?

त्याने धावदोरा उपसून काढला. गाद्या शिवायचा मेण लावलेला दोरा घेतला आणि ती शिवण हाताने घातली, दुहेरी, बारीक टाक्यांची. खाली आणि वर तीन तीन उलटे टाके घालून ती अशी बांधली की हत्ती लावला तरी उसवू नये. बायकोला तो काही बोलला नाही. केलेल्या कामाची दवंडी पिटायची त्याला सवय नव्हती. शिवाय ती कधीतरी आपण होऊन बघेल आणि खूश होईल, असं त्याला वाटलं.

सकाळी तो पोहायचं जाकीट घरूनच घालून निघाला. वाटेत दूधवाल्याने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "काय हो, नळ फुटला की काय घरात?" शिंप्याने भराभर पावलं उचलली. गळ्यात सवयीने टेप लटकत होता, खिशात सवयीनेच दोरा कापायची छोटी कातर होती.

"एकच नियम," बायको म्हणाली. "जागेवरून उठायचं नाही."

"मी हलणारसुद्धा नाही," तो म्हणाला, आणि हे त्याने अगदी मनापासून सांगितलं.

होडी काठ सोडून निघाली. पहिला तासभर शिंप्याने फक्त आपले गुडघे बघितले. एकेक लाट फळीखालून सरकायची, होडी किंचित उचलायची, आणि तो बसायची फळी आणखी घट्ट धरायचा. मग त्याने हळूच मान वर केली. तलाव पसरला होता तो थेट डोंगरांच्या पायथ्यापर्यंत, हिरवट, शांत, मधेच वाऱ्याने सुरकुतणारा. काठावरची घरं काडेपेट्यांएवढी झाली होती. बायको मागे सुकाणू धरून बसली होती. तिच्या कपाळावरची टपाल कार्यालयातली आठी गेली होती. ती गुणगुणत होती आणि मधूनच, काही कारण नसताना, हसत होती. ही बाई इतकी हसते हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला जरा वाईट वाटलं.

त्याने काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आणि समजा, वारा वाढला तर?"

"शीड उतरवायचं."

"आणि नाहीच उतरलं तर? अडकलं तर?"

"त्याचीही सोय आहे," ती म्हणाली. "ती मधली शिवण दिसते ना? बाबांची युक्ती. ती मुद्दाम कच्ची ठेवलीय. वारा हाताबाहेर गेला की पहिली तीच उसवते. शीड फाटतं, माणसं राहतात. बाबा म्हणायचे, पार्सलाची गाठ सुटता कामा नये आणि होडीवरची वेळेला सुटल्याशिवाय राहता कामा नये."

शिंप्याच्या तोंडचं पाणी पळालं.

सांग, आत्ताच सांग, असं त्याचं मन ओरडत होतं. सांगितलं की ती होडी वळवेल, आपण घरी जाऊ, सगळं संपेल. पण मग ती काय समजेल? याने मुद्दाम केलं. यायचंच नव्हतं म्हणून केलं. वर करार मोडल्याचं खापर आपल्याच डोक्यावर. त्याने तोंड उघडलं, ती त्याच्याकडे बघून हसली, त्याने तोंड मिटलं. वारा तर अगदी मंद होता. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. काही होणार नाही, असं त्याने स्वतःला बजावलं, आणि त्यानंतर त्या शिवणीवरून त्याची नजर काही हटली नाही. बारीक, सरळ, घट्ट; सुकाणूपासून बघणाऱ्याला फरक कळणार नाही अशी. असं देखणं काम त्याने बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

खिंडीच्या तोंडाशी पोचले तेव्हा ऊन डोक्यावर यायला अजून अवकाश होता. दुपार झाली की तलावावरचा सगळा वारा त्या खिंडीत घुसतो, म्हणून वडील सकाळीच आत जाऊन बाहेर यायचे, हे तिला ठाऊक होतं. वेळ तिने बरोबर साधली होती. पण वाऱ्याला कोणी वेळापत्रक दिलं होतं? त्या दिवशी तो लवकर आला.

आधी मागून एक गार झुळूक आली. मग पाण्यावर काळपट पट्टा धावत येताना दिसला. बायकोचं गुणगुणणं थांबलं.

"घट्ट धरा," ती म्हणाली.

धाड! शीड एकदम फुगलं आणि होडी उसळून पुढे झेपावली. दोन्हीकडून कडे धावत मागे जाऊ लागले. बायकोने शिडाचा दोर सोडला, पण वारा थेट पाठीमागून होता. शीड आधीच पुरतं बाहेर गेलं होतं, आणखी सैल सोडायला काही उरलंच नव्हतं. तिने शीड उतरवायचा दोर ओढला. वाऱ्याने शीड डोलकाठीवर असं दाबून धरलं होतं की ते वीतभरही खाली येईना. वळायला जागा नव्हती. आणि पुढे, पाण्यातून वर आलेले काळे सुळके! त्यांच्याभोवती फेस उसळत होता. त्यांच्याही पलीकडून, वळणाआडून, धबधब्याचा घुमता आवाज येत होता.

होडीचं नाक लाटेत घुसलं. शिंप्याच्या मांडीपर्यंत गार पाणी आलं.

"घाबरू नका," बायको ओरडून म्हणाली. "आता उसवेल. आत्ता उसवेल."

ती शिवणीकडे बघत होती. तोही बघत होता. शिवण ताणली, करकरली, आणि तशीच राहिली.

"अहो, ही उसवत का नाही?"

"मी पक्की केली," शिंपी म्हणाला.

"काय?"

"मी पक्की केली! दुहेरी! मेणदोऱ्याने!"

तिने त्याच्याकडे बघितलं. ती नजर त्याला सुळक्यांपेक्षा भयंकर वाटली, कारण तिच्यात राग नव्हता, नुसती भीती होती. इतकी वर्षं त्याला वाटायचं की भीती घरात त्याच्या एकट्याच्या वाट्याला आलीय.

शिंपी जागेवरून उठला.

होडी हलली. त्याने गुडघे टेकले आणि पाण्यातून रांगत, जीव मुठीत धरून, तो डोलकाठीशी पोचला. सुकाणू सोडून तिला उठता येत नव्हतं. सोडलं असतं तर होडी आडवी होऊन उलटली असती. जे काही करायचं ते त्यालाच करायचं होतं. त्याने एका हाताने काठीला मिठी मारली, दुसऱ्याने खिशातली कातर काढली. शिडाचं जाड कापड कापायची त्या एवढ्याशा कातरीची ऐपत नव्हती. दोरा तेवढा तुटला असता. पण कुठला? त्या शिवणीतला एकेक टाका दुसऱ्या टाक्याला धरून बसला होता.

खालचे तीन उलटे टाके. तिथे बांधलीय. आपणच बांधलीय.

त्याने डोळे मिटले. वाऱ्याच्या फडफडाटात बघण्यापेक्षा बोटांनी चाचपणं सोपं होतं. पहिला टाका सापडला. कट्! दुसरा. कट्! होडी उसळली, त्याचं डोकं काठीवर आपटलं, कातर निसटता निसटता राहिली. तिसरा टाका! पहिली ओळ सुटली. दुसरी अजून धरून होती.

"डावीकडे सुळका आहे," बायको ओरडली. "लवकर!"

पुन्हा एक. पुन्हा दोन. तिसरा त्याला सापडेना. त्याने काठीची मिठी सोडली, दोन्ही हात शिवणीला लावले आणि शेवटचा टाका कापला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग एक लांबलचक, कर्कश टर्र! शिवण खालून वरपर्यंत उसवत गेली, शिडाच्या दोन चिंध्या दोन बाजूंना फडफडू लागल्या आणि वारा मधून निघून गेला. होडीचा वेग मेला. बायकोने सुकाणू दाबलं. सुळका हातभर अंतरावरून सरकला. काठाच्या कपारीतून एक झाड पाण्यावर वाकलं होतं. शिंप्याने त्याची फांदी दोन्ही हातांनी पकडली आणि तो ती सोडेना. बायकोने होडी झाडाला बांधली तरी सोडेना.

तिने शिडाच्या फडफडत्या चिंध्या ओढून गुंडाळल्या.

"सकाळपासून माहीत होतं तुम्हाला," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि बोलला नाहीत."

"तू हसत होतीस," शिंपी म्हणाला.

तिने तोंड फिरवलं आणि डब्याने होडीतलं पाणी उपसायला लागली. वळणापलीकडे धबधबा गर्जत होता. त्याचे तुषार इथवर येत होते.

शिंप्याला राहवेना. "वल्ही मारत जाऊ की. एवढं आलोच आहोत."

तिने वळणाकडे बघितलं. मग पाण्याकडे, मग त्याच्या कपाळावरच्या टेंगळाकडे. "नाही," ती म्हणाली. "आत जाता येईल, पण या वाऱ्यात बाहेर येता यायचं नाही. बाबा असते तरी इथूनच वळले असते."

वारा पडेपर्यंत ते झाडाखाली थांबले; तोवर दिवस इतका कलला होता की आत जाऊन अंधाराआधी घर गाठणं शक्य नव्हतं. मग एकेक वल्हं घेऊन परतले. शिंप्याच्या तळहातांची सालटी निघाली. लाट आली की तो अजूनही डोळे मिटत होता, पण वल्हं थांबवत नव्हता. काठ लागला तेव्हा त्याच्या जिवात जीव आला.

घरी ओले कपडे बदलून झाल्यावर ती दारात उभी राहिली. "बोला. करार तो करार. विकू?"

"मी पाण्याला भितो," शिंपी म्हणाला. "मरेपर्यंत भिणार. आणि तू गेलीस की दुकानात बसून भिणार."

"म्हणजे विकू."

"मी म्हणालो का तसं?"

त्याने शिडाच्या दोन चिंध्या उचलल्या आणि दुकान गाठलं. ती मागोमाग आली. त्याने मेजावर शीड पसरलं, कडा जुळवल्या, साधा दोरा घेतला आणि सुई चालवायला लागला. लांब लांब टाके, नुसता धावदोरा. ती मेजाच्या दुसऱ्या टोकाला कापड ताणून धरून उभी राहिली. चांगल्या शिंप्याला वाईट शिवण घालणं फार जड जातं.

शिवण खाली पोचली. सवयीने त्याची सुई गाठ मारायला मागे वळली.

त्याने सुई थांबवली, दोरा कापला आणि टोक मोकळं सोडलं.