कोंडाबाईनं अंगावर घेतलेला वास

"आत्याबाई, तुम्ही जरा ओसरीवर बसा. तुमच्या तोंडाचा लई वास येऊन राहिलाय," पंचशीला चारचौघींसमोर बोलून गेली...

उदगीरच्या तहसील कचेरीतल्या मैत्रिणी तिच्याकडे चहाला आल्या होत्या. आपला तालुका आता जिल्हा होणार, अशा गप्पा ऐन रंगात आलेल्या असताना एकीनं नाकाला पदर लावला होता. म्हाताऱ्या कोंडाबाईनं सुनेकडं एकदा पाहिलं. "हाव माय, माझंच तोंड नासलंय. मिश्रीनं," ती म्हणाली आणि मांजरीला काखेत घेऊन बाहेर गेली.

ढवळी मांजर तिच्याबरोबरच शिरूर अनंतपाळकडच्या गावाहून आली होती. सासरे दगडोबा वारल्यावर पंचशीलेच्या नवऱ्यानं, श्रीमंतनं, आईला उदगीरला आणलं आणि स्वतः नोकरीसाठी देगलूरला राहिला. टँकर दहा दिवसांनी यायचा तो दुष्काळ! पाण्याच्या त्राग्यात पंचशीला पहिल्याच दिवशी बोलली होती, "मांजरीनं घाण केली, की मोंढ्याच्या बाजारात सोडून देईन."

त्या चहानंतर कोंडाबाईचं अंथरूणही ओसरीवर गेलं.

आठ दिवसांनी पंचशीलेनं तिला दातांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं बॅटरी लावून नीट पाहिलं. "आजींचं तोंड स्वच्छ आहे. मिश्री कधी सोडली?"

"दोन महिने झाले," कोंडाबाई खाली मान घालून म्हणाली.

पंचशीला चमकली. मग वास कुणाचा? घरी येताच तिनं ढवळीला उचललं. खालचा जबडा एका बाजूनं सुजलेला, ओठातून रक्ताळ लाळेची तार लोंबत होती, आणि तोच... अगदी तोच वास!

"मला बी आधी वाटलं, माझंच तोंड हाय," कोंडाबाई हळू आवाजात सांगू लागली. "तुला तरास नको म्हणून मिश्री सोडली. तरी वास ऱ्हायला, तवा कळलं ढवळीचा हाय. तू तिला सोडून देशील म्हणून म्या माझ्यावर घेतलं. भाकर चावत न्हाई ती. कण्या शिजवून बोटानं चारते."

पंचशीलेला वर पाहवेना. जन्मभराची सवय या बाईनं आपल्यासाठी मुकाट्यानं सोडली होती, आणि आपण मात्र तिला चार परक्या बायांसमोर उठवलं होतं! तिनं तशीच रिक्षा बोलावली.

जनावरांच्या डॉक्टरनं ढवळीची जीभ उचलून पाहिली. "कॅन्सर आहे. गाठ बारीक असती तर जबड्याचा तेवढा भाग काढून पाहिलं असतं. आता ती जिभेखाली पसरलीय. दुखणं कमी करायचं औषध आणि पातळ खाणं, एवढंच आपल्या हातात आहे."

"म्या लपवलं म्हणून..." कोंडाबाईनं ढवळीच्या पाठीवर हात ठेवला.

"तुम्ही न्हाई, आत्याबाई. लपवायची पाळी मी आणली."

त्या रात्रीपासून कोंडाबाईचं अंथरूण पुन्हा आत आलं. पंचशीला कचेरीतून आली, की ढवळीला मांडीवर घेई, औषधाचे मोजून थेंब देई, बिनसुईच्या सिरिंजनं शिजवलेल्या कोंबडीचं पाणी थोडंथोडं तोंडात सोडी. पहिल्या दिवसांत वासानं तिला उमासे येत, डोळ्यांतून पाणी येई. पण ती उठत नसे. कोंडाबाई शेजारी बसून मांजरीच्या पाठीवरून हात फिरवी. दोघींत बोलणं मात्र औषधापुरतंच होई.

एकविसाव्या दिवशी ढवळीला पाणीसुद्धा गिळवेना. डॉक्टर म्हणाले, आता सोडवलेलं बरं.

"तू सांग त्यांला," कोंडाबाई सुनेला म्हणाली. "मला बोलवत न्हाई."

पंचशीलेनं हो म्हटलं. इंजेक्शन देताना दोघींनी ढवळीला धरलं होतं. तिची मान अलगद कोंडाबाईच्या तळहातावर कलंडली...

परतताना रिक्षात पंचशीला मनाशी माफीचे शब्द जुळवत होती. एकही पुरा पडत नव्हता. मग कोंडाबाईनंच समोर बघत म्हटलं,

"त्या दिवशी बायांम्होरं बोललीस ना... लई लागलं होतं गं मला."

एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदाच हे बोलली होती.

"हाव, आत्याबाई," ती कशीबशी म्हणाली.

कोंडाबाईनं मान डोलावली आणि सुनेच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे मिटले.