आयापद रद्द करण्याबाबत

विषय: ध्वनिचित्र कक्षातील आयाचे रिक्त पद रद्द करणे.

सविनय सादर की, भामाबाई वारल्यापासून रिकामे असलेले सदर पद भरण्याची आता गरज नाही. तिचे काम अर्जदाराने शोधलेली पद्धत करते.

अर्जदार म्हणजे गंगाधर, सांगलीतल्या एका इस्पितळाचा तंत्रज्ञ. साल एकोणऐंशी. जर्मनीहून आलेलं यंत्र पोटात आवाजाच्या लाटा सोडी आणि पडद्यावर बाळ दाखवी. गंगाधर त्या पडद्याचे लागोपाठ फोटो काढी. पण आई श्वास घेई आणि चित्रं हलत. म्हणून भामाबाई पोटावर पंजा ठेवून म्हणायची, "श्वास धर गं लेकी." तिची करंगळी उसाच्या चरकात गेली होती. तो चार बोटांचा हात बसला की पोट निमूट व्हायचं.

"यंतर जर्मनीचं, हात भामीचा!" हे ती मिश्री घासत चारचौघांत म्हणायची. गंगाधरला ते फार लागे.

ती गेल्यावर त्याने उपाय काढला. प्रत्येक फोटो पारदर्शक कागदावर गिरवायचा, मग कागद सरकवून बाळाचा कणा कण्यावर बसवायचा. श्वासाची हालचाल अशी वजा झाली की उरते ती बाळाच्या काळजाची. उपायाला त्याने 'गंगाधर-पद्धत' असं नाव दिलं. नावाबद्दल दुसऱ्या कोणाला विचारायची गरज त्याला वाटली नाही.

हा अर्ज दिला त्याच दुपारी कोरेगावकडची विजयमाला आली. आधीची दोन मुलं पोटातच गेलेली. नवरा फौजेत, सोबत सासू मनुबाई. नळीतून बाळाचा ठोका ऐकू येत नव्हता. डॉक्टर शरयूंनी सांगून ठेवलं होतं, फोटोत काळीज हललं नाही तर उद्या सकाळी पोट मोकळं करायचं.

"आवं सायेब," मनुबाई दारात म्हणाली, "नीट बगा. पोरगी लय भ्यालीया."

"आजी, आमची पद्धत आहे," गंगाधर म्हणाला आणि दार लावलं.

फोटोसाठी खोलीला काळे पडदे होते. बाहेर रणरणतं ऊन आणि आत मिट्ट काळोख. पोटावर तेल चोपडून त्याने कॅमेऱ्याच्या भिंगाला डोळा लावला. विजयमालेचा श्वास भात्यासारखा चालला होता... मग तो हळूहळू थांबला. पंख्याची घरघरही दूर गेल्यासारखी वाटली. खोलीत मिश्रीचा वास आला. शेजारच्या वॉर्डातला असेल, असं ठरवून त्याने रीळ संपवलं.

"हलू नका ताई, परत लागतील फोटो," असं बजावून तो फोटो धुवायला गेला.

धुतलेले फोटो गिरवून त्याने पहिल्या कागदावर दुसरा ठेवला. कणा कण्यावर बसला. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे तसेच. एकही कागद सरकवावा लागला नाही. आणि मधोमध, वाटाण्याएवढं काळीज कागदागणिक उघडत होतं, मिटत होतं.

बाळ जिवंत होतं.

डॉक्टर शरयूंनी पाठ थोपटली. "गंगाधर, तुमच्या पद्धतीनं जीव वाचवला!"

त्याची छाती फुगली. 'मी काहीच सरकवलं नाही' हे वाक्य ओठांवर येऊन परत गेलं.

निरोप सांगायला तो खोलीत आला. मनुबाई ऐकून रडली, हसली. तो म्हणाला, "ताई, श्वास छान धरलात."

"म्या कुटला धरतीया? त्या मावशीनं हात ठिवला न्हवं..." विजयमाला कुजबुजली. "लय गार हात... म्हनाली, श्वास धर गं लेकी."

"आत कोन बी गेलं न्हाई," मनुबाई म्हणाली. "म्या दारातच हुते."

गंगाधरने खिडकीचा काळा पडदा बाजूला सारला. ऊन पोटावर पडलं. तेल सगळीकडे चकाकत होतं, फक्त बेंबीच्या वर एक पंजा कोरडा होता. चार बोटांचा.

मनुबाईने पदराने तो पुसला. तेल सगळीकडे पसरलं. त्या जागी मात्र चढेना.

तेव्हापासून त्या खोलीतला एकही फोटो हललेला नाही. गंगाधर-पद्धतीचं कौतुक मिरज-साताऱ्यापर्यंत पोचलं. तो ते मान वर करून ऐकतो आणि खोलीत शिरताना चपला बाहेर काढतो.

आयापद रद्द करण्याचा अर्ज मागे घेण्यासाठी त्याने दुसऱ्या दिवशीच नवा अर्ज दिला. तोही अर्ज सध्या विचाराधीन आहे. पद अद्याप रिक्त दाखवले जाते.