विचारपूस

रानाच्या कडेला लाकडी फळ्यांचं एकच घर होतं. त्यात जंगलाचा रखवालदार आणि त्याची बायको राहत. शेजार नव्हता. भांडण झालं तरी ऐकायला झाडंच. आणि भांडण रोज व्हायचं. म्हणजे तो बोलायचा आणि ती ऐकायची.

एका दुपारी तो वाळकी लाकडं आणायला गेला, तो ऊन कलताना परतला. मोळी उतरवली, पाय धुतले, कोट खुंटीला अडकवला आणि चुलीपाशी येऊन म्हणाला, "तू जेवलीस का?"

तिच्या हातातली पळी हातातच राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता.

"ऊन लागलं का तुम्हाला?"

"नाही. तू बस, मी वाढतो."

तो वाढत असताना तिला त्याचं बोट दिसलं. उजव्या हाताचं, करंगळीशेजारचं. लग्नाआधीच ते करवतीखाली अर्धं गेलं होतं. आता अख्खं होतं, नखासकट.

"अहो, हे बोट तर तुटलेलं होतं ना?" तिच्या तोंडून निघून गेलं.

त्याने हात उजेडात धरून निरखून पाहिला. "हो का," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट अर्धं होतं. रक्त नाही, फडकं नाही. टोकाला जुना, पांढरा पडलेला व्रण.

तिने पायात चपला घातल्या, गावाच्या वाटेला लागायचं म्हणून. पण दाराशी पाण्याच्या दोन्ही घागरी भरून ठेवलेल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कोणी भरलेल्या. ती तिथेच उभी राहिली आणि मग चपला काढल्या.

पुढे एकदा ती सहज म्हणाली, "घोरणं बंद झालं वाटतं तुमचं." त्या रात्री तो घोरला. तसाच, मध्येच श्वास अडकल्यासारखा. तेव्हापासून तिने जिभेला लगाम घातला.

तो मात्र विचारायचा. लाकडं फोडता फोडता थांबायचा. "मी अजून कसा होतो गं?"

"असेच," ती सांगायची. "अगदी असेच होतात."

सरपण गोळा करता करता एक दिवस ती ओढ्यापलीकडे गेली. तिथे मोठ्या खडकाच्या बुडाशी कोट दिसला. कोपरावर हिरव्या दोऱ्याचं ठिगळ. टाके तिच्याच हातचे. हाच कोट ती घरी खुंटीवर पाहून आली होती. हा रिकामा नव्हता. बाहीतून हात बाहेर आला होता आणि त्याचं एक बोट अर्धं होतं.

रडू येईल म्हणून ती जरा वेळ थांबली. आलं नाही. मग तिने पाचोळा ओढून सगळं नीट झाकलं, वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवले आणि मोळी उचलली.

घरी त्याने तिच्या पायांसाठी पाणी गरम करून ठेवलं होतं. "दमलीस?" त्याने विचारलं. तेव्हा मात्र तिला रडू आवरेना.

थंडी पडायच्या आत लेक आली. बापाला कंटाळून शहरात गेलेली, एकुलती एक. दारातूनच तिने पाहिलं, बाप बटाटे सोलत बसला होता आणि आई स्वस्थ बसली होती.

"आई, आज सूर्य कुठून उगवला?"

"आत ये. हातपाय धू."

जेवताना बापाने लेकीच्या ताटात आधी वाढलं. ती हसली, पण त्या हसण्यात गोडवा नव्हता. "बरंय बाबा तुमचं. सगळं विसरून मोकळे."

त्याचा घास थांबला. "काय विसरलो?"

"काही नाही हो," आई घाईने म्हणाली. "हिला बडबडायची सवयच आहे. अगं, तांब्या भरून आण जा."

लेक उठली नाही. हे बोलायला ती फार वर्षं थांबली होती.

"गप बस," आई म्हणाली. "पाया पडते तुझ्या."

"का गप बसू? आईला मारायचात ते विसरलात. मी दारामागे उभी राहून ऐकायचे."

चुलीतलं लाकूड तेवढं तडतडत होतं.

त्याने ताट बाजूला सारलं. दोन्ही तळवे मांडीवर उघडे ठेवले. आधी एक पाहिला, मग दुसरा. मग लेकीकडे वळून, अगदी हळू आवाजात त्याने विचारलं,

"कुठल्या हाताने?"