आधी तिच्या पायाला

ही गोष्ट खरी आहे.

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. जिच्या बाबतीत हे घडलं ती बाई आजही सावद्यात, त्याच घरात राहते. मी धुळ्यात राहते आणि आता तिकडे जात नाही.

तिचं नाव मोहिनी. माझ्या आईची आतेबहीण. आम्ही तिला मावशी म्हणतो, पण सांगताना नुसतं मोहिनीच म्हणते.

आणि हो, यात रात्र नाही. अंधार नाही. जे झालं ते भर दुपारी झालं, वैशाखात... सगळं गाव दारं लावून पडलेलं असतं, त्या वेळी.

मोहिनी ही कुंदनची दुसरी बायको. पहिली हेमलता, ती वारली होती. कुंदनची केळीची शेती, घरी म्हातारी आई धुरपदाबाई. खायला-प्यायला कमी नाही. पण कुंदन मोहिनीशी कामापुरतंच बोलायचा. जेवायला वाढ, दार लाव, मी मळ्यात जातो. हेमलताचं नाव तर तो कधीच काढत नसे.

मोहिनीला तेच सलायचं. तो पहिलीबद्दल चार शब्द बोलला असता तर तिला कळलं असतं की ती कशी होती. न बोलल्यामुळे हेमलता तिच्या मनात मोठीच होत गेली. जास्त देखणी. जास्त लाडकी.

घराच्या मागच्या खोलीत दोन खाटा होत्या. एकीवर मोहिनी दुपारची पडायची. दुसरी रिकामी. पण धुरपदाबाई तिच्यावर रोज धुतलेली चादर घालायची. का, ते मोहिनीने कधी विचारलं नाही.

मग मोहिनीचा पाय भाजला.

मोटारसायकलवरून उतरताना नडगीला सायलेन्सर लागला. साधा चटका. पण तिला शुगर होती. जखम चिघळली आणि भरायचं नाव घेईना. शेवटी कुंदन तिला जळगावला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टर मॅडमनी जखम साफ केली, औषधं बदलली आणि एक छोटं मशीन दाखवलं. मोबाईलएवढं. त्याला दोन वायरी, वायरींच्या टोकाला चिकट पट्ट्या.

"या जखमेवर नाही लावायच्या," मॅडम म्हणाल्या. "जखमेच्या दोन्ही बाजूंना, चांगल्या कातडीवर. विजेच्या बारीक लहरी जातात, नसा जाग्या होतात, रक्त चांगलं फिरतं. जखम भरायला मदत होते. पण ड्रेसिंग आणि गोळ्या सोडायच्या नाहीत. हे फक्त जोडीला."

"दुखतं का?" कुंदनने विचारलं.

"नाही. मुंग्या आल्यासारखं वाटतं. दुखलं तर कमी करायचं."

"आणि जखम जुनी असली तर? फार जुनी?"

"जुन्यांनाही काही वेळा फायदा होतो."

मोहिनी चकित झाली. हा माणूस एवढं बोलतो? तेही तिच्यासाठी?

त्या दिवसापासून कुंदन रोज जेवणानंतर तिच्या खाटेच्या पायथ्याशी बसू लागला. ड्रेसिंग तपासायचा, पट्ट्या लावायचा, मशीन हातात धरून बसायचा. बोलायचा नाही. पण बसायचा. तिला ती जखम जवळजवळ आवडायला लागली. लग्नानंतर पहिल्यांदा नवरा तिचा झाला होता.

मग एका दुपारी... मुंग्या थांबल्या.

मशीनचा हिरवा दिवा लुकलुकत होता. पट्ट्या पायाला घट्ट होत्या. कुंदनने वाढवून पाहिलं. काही नाही. पाय लाकडासारखा.

आणि शेजारच्या खाटेवरून...

"स्स्..."

पायाला मुंग्या आल्या की बाईमाणूस जसा श्वास आत ओढतं, अगदी तसा.

मोहिनीने मान वळवली. खाट रिकामी. चादरीला एक सुरकुती नाही.

कुंदनने मात्र तिकडे पाहिलंच नाही. त्याने मशीन किंचित कमी केलं.

असं रोज व्हायला लागलं. दिवा लागायचा, मोहिनीला काही जाणवायचं नाही. पट्ट्या काढल्या की गार लागायच्या. ओलसर. त्यांना एक वास यायचा... पिकलेल्या जखमेचा. तिच्या जखमेला तसा वास नव्हता.

जळगावला मशीन तपासलं. चांगलं होतं. मॅडमनी तिथेच लावलं तर मोहिनीचा पाय झिणझिणला. "मशीन ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण जखम मात्र आहे तिथेच आहे. घरी नीट लावता ना?"

घरी आल्यावर मोहिनीने सासूला गाठलं. "आई, त्या खाटेवर कोण झोपायचं?"

धुरपदाबाई वाती वळत होती.

"हेमलता," ती म्हणाली. "तिले बी असंच पायाले झालं व्हतं. तयपायाले. केयीची कटाई चालू व्हती, ट्रक उभे व्हते. कुंदन म्हने, उद्या नेतो, उद्या नेतो. ती याच खाटीवर पडेल राहे. काही मागे नही. फक्त म्हने, कोनीतरी माह्या पायाजवय बसा."

"मग कोण बसलं?"

धुरपदाबाईने पुढची वात वळायला घेतली.

दुसरी कोणी असती तर घाबरून माहेरी गेली असती. मोहिनीला भीती वाटली, पण भीतीपेक्षा राग जास्त आला. मेलेल्या बाईला आता काय हवंय? माझ्या वाट्याला जेमतेम एवढीशी दुपार आली, तीही हिला हवी?

कुंदन मळ्यात गेला होता. तिने मशीन उचललं आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसली. लख्ख ऊन. समोर रस्ता. स्वतःच पट्ट्या लावल्या, मशीन चालू केलं.

मुंग्या आल्या. ती हसली.

आणि मग...

एका पट्टीची कड उचलली गेली.

हळूच. नखाने सोलावी तशी.

मोहिनीने ती अंगठ्याने दाबून धरली. तेव्हा दुसरी सुटली. मग अंगठ्याखालची पहिलीही निसटली, कातडी ओढत. दोन्ही वायरी ताणल्या गेल्या. मशीन तिच्या मांडीवरून खाली पडलं आणि फरशीवरून सरकत गेलं... उंबऱ्यावरून आत... मागच्या खोलीकडे.

ती तिथेच बसून राहिली. कुंदन परत आलेला तिने पाहिला. तो तिच्याजवळून आत गेला. बाहेर आला नाही.

बऱ्याच वेळाने ती उठली. लंगडत मागच्या खोलीच्या दाराशी गेली.

कुंदन रिकाम्या खाटेच्या पायथ्याशी बसला होता. मशीन त्याच्या हातात. वायरी चादरीच्या वर गेल्या होत्या, आणि टोकाच्या पट्ट्या...

पट्ट्या चादरीला टेकलेल्या नव्हत्या. चादरीच्या वीतभर वर होत्या. अधांतरी. पडत नव्हत्या.

"जास्त होत असलं तर सांग," कुंदन म्हणत होता. आवाज इतका हळू की तो त्याचा वाटेना. "दुखवणार नाही मी."

मोहिनीच्या पायाशी तो इतके दिवस बसला होता. हे एकदाही विचारलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली. "मशीन कोणासाठी आणलंत?"

तो दचकला नाही. वळलाही नाही.

"दोघींसाठी. तिचं आधी होऊ दे, मोहिनी. मग तुझं लावतो."

ती दाराला टेकून उभी राहिली. भांडायला समोर कोणी दिसायला तरी हवं. मोहिनी तिचं होईपर्यंत थांबली. मग आपल्या खाटेवर जाऊन निजली आणि पाय पुढे केला.

त्या दिवशी पट्ट्या कोमट होत्या. मुंग्या अगदी गुडघ्यापर्यंत आल्या.

तेव्हापासून तोच क्रम. आधी ती खाट, मग ही. आणि मोहिनीची जखम भरू लागली. कडेने गुलाबी कातडी आली, मग मध्ये. जळगावच्या मॅडम खूश झाल्या. "आता मशीनची गरज नाही," म्हणाल्या.

मोहिनीला हायसं वाटलं. घरी येताच ती कुंदनला म्हणाली, "आता देऊन टाका ते कोणाला तरी."

"तुझी भरली," तो म्हणाला. "तिची अजून ओली आहे."

आणि जेवून तो मागच्या खोलीत गेला. दार ओढून घेतलं. आता तिथे मोहिनीचं काही काम नव्हतं.

हे सगळं तिने मला दिवाळीनंतर सांगितलं. मी सावद्याला गेले होते. दुपारची वेळ, आम्ही दोघी स्वयंपाकघरात. मी म्हणाले, "मावशी, तू इथे राहतेस कशी? चल माझ्याबरोबर धुळ्याला. भीती नाही वाटत?"

"कशाची भीती?" ती म्हणाली. "तू त्यांचा आवाज ऐकला नाहीस. तिच्याशी बोलतानाचा."

भांडी उचलायला ती उठली तेव्हा लुगड्याचा काठ वर सरकला. जुन्या जखमेचा नुसता डाग उरला होता. पण दुसऱ्या पायाला ड्रेसिंग होतं, आणि त्याच्या कडेने भाजलेली कातडी दिसत होती. सरळ, लांब. तापलेलं उलथनं आडवं टेकवावं तशी.

"हे काय?"

"भाकरी करताना लागलं."

लुगड्याच्या आत, पोटरीच्या मागे... भाकरी करताना कसं लागेल?

तिने स्वतः केलं का? की त्या घरात दुसऱ्या कोणी केलं? मी विचारणार होते. तेवढ्यात मागच्या खोलीतली खाट कुरकुरली. कोणीतरी कूस बदलावी तशी. मग कुंदनचा आवाज आला.

"तिचं झालं, मोहिनी. आता तू ये."

मावशीने हात पुसले. केस सारखे केले. नव्या नवरीसारखा चेहरा उजळला तिचा.

ती आत गेली. दार लागलं.

मी चपला हातात घेऊनच बाहेर पडले. तिचा अजून फोन येतो. पाय कसा आहे, असं मी विचारत नाही.