मर्यादेची पोर

सुमामावशीच्या न्हाणीघरामागे मी कान दाबून उभी होते, तेव्हा गगन मला पहिल्यांदा भेटला. प्रेमकथेची सुरुवात याहून बऱ्या जागी व्हायला हवी होती, पण झाली तिथे झाली.

दसऱ्याचे दिवस होते. मैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या मावशीच्या घरी बाहुल्या मांडल्या होत्या आणि त्या बघायला आलेल्या बायकांनी घर भरलं होतं. कुणी गात होतं, कुणी पोरांवर ओरडत होतं, गजऱ्यांचा वास डोक्यात चढत होता… मी मागच्या दाराने निसटले. तिथे उलट्या बादलीवर बसून एक माणूस द्रोणातली हरभऱ्याची उसळ खात होता.

"तुम्हीपण पळून आलात?" त्याने विचारलं.

"तो दिवा गुणगुणतोय," मी म्हणाले. त्या वेळी मला तेच सर्वांत महत्त्वाचं होतं.

त्याने वर ट्यूबलाइटकडे बघितलं, उठून बटण बंद केलं आणि पुन्हा खायला बसला. "आता?"

"आता बरं."

'मला तर काही ऐकू येत नाही,' असं न म्हणता आजवर कुणी दिवा घालवला नव्हता. माझं मन तिथेच त्याच्यावर गेलं, फक्त ते कळायला मला बरेच दिवस लागले.

तो गुरांचा डॉक्टर होता. घर पिरियापट्टणला, नोकरी येलवालजवळ, आमच्यासारखंच मैसूरच्या जुन्या फौजेतल्या मराठ्यांचं घराणं.

"मी तुमच्याकडे न बघता बोलते," मी सांगून टाकलं. "राग मानू नका."

"माझे सगळे पेशंट तसेच. नजर चुकवतात, पण सगळं ऐकतात."

"म्हणजे मी म्हैस?"

"अय्यो! मी… मांजर म्हणणार होतो."

मी हसले. मग कुक्करहळ्ळीच्या तळ्याकाठी आम्ही फिरायला जाऊ लागलो. 'तुम्ही'चं 'तू' झालं. शेजारी-शेजारी चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. प्रेमात पडायला ही फार सोयीची पद्धत आहे. तो मला म्हशींच्या खोड्या सांगायचा, मी त्याला माझ्या कामातल्या. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची माझी नोकरी. माणसांच्या शोधल्या की घरात बोलणी बसतात, म्हणून त्या मी मनातच ठेवायचे.

एक गोष्ट मात्र मी त्याच्यापासून लपवली होती.

त्याच वर्षी, एकतिसाव्या वर्षी, मला माझ्या स्वभावाचं नाव कळलं होतं. ऑटिझम. झोप येत नाही म्हणून गेले, तर डॉक्टरीणबाईंनी झोप सोडून बाकी सगळं विचारलं. माझा चुलतभाऊ विजयेंद्र थेट माझ्यासारखा. पण त्याला पाचव्या वर्षीच दवाखान्यात नेलं, कारण तो मुलगा, पुढे नोकरी कशी करणार? मला स्वयंपाकघरात नेलं. मुलगी गप्प बसते यात काळजीचं काय, उलट बरंच! आणि मी मान का खाली घालते, हे तर सगळ्या नातेवाइकांना ठाऊकच होतं: काळी आहे ना, म्हणून लाजते बिचारी. आईने त्यावर बेसन लावलं, हळद लावली, नाना क्रीमं आणली. वर्षानुवर्षं माझ्या कातडीवर इलाज चालला होता आणि प्रश्न कातडीचा नव्हताच. मलाही तेच खरं वाटायचं, हे जास्त वाईट.

गगनने घरी सांगितलं आणि त्याच्या घरच्यांचं मला बघायला यायचं ठरलं, तेव्हा आईने माझा हात आपल्या डोक्यावर ठेवला.

"माझी शपथ आहे बघ. तो शब्द काढायचा नाही. मदुवे होऊ दे, मग काय ते सांग."

मदुवे म्हणजे लग्न. आणि शपथ मलाही सोयीचीच होती… गगन हातचा जाईल, अशी मला भीती होती.

रेशमी साडी नेसून, मान खाली घालून मी कॉफी दिली. गगनची आई सुमित्राबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"रंग थोडा कमी, परवागिल्ला, चालेल," त्या म्हणाल्या. "पण मर्यादा बघा पोरीची! आल्यापासून मान वर नाही. आजकाल कुठे मिळतात अशा मुली?"

आई खुलली. लाडूचं ताट पुढे सरकवायला लागली. म्हणजे आता जन्मभर मी मर्यादेची पोर! एक दिवस त्यांना कळेल आणि त्या म्हणतील, फसवलं. गगनही तेच म्हणेल.

"ती मर्यादा नाही," मी म्हणाले.

"चैत्रा, सुम्ने बस!" आई गप्प करू लागली.

"मला ऑटिझम आहे. मला कुणाच्या डोळ्यांत बघवत नाही. मी माझ्या रंगाला लाजत नाही आणि… तुमचा मान राखायला म्हणूनही खाली बघत नाही. डॉक्टरांनी यंदाच सांगितलं."

"म्हणजे डोक्याचा रोग?" गगनचे वडील दामोदरराव म्हणाले.

"रोग नाही. जन्मापासून मी अशीच आहे."

"ते मुलग्यांना असतं ना, अल्वा?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"मुलींनाही असतं. मुलींचं कुणी तपासत नाही."

गगनने कॉफीचा पेला खाली ठेवला. त्यावरून मला काही कळलं नाही. मला तसं कधीच कळत नाही.

"मला आधी का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं.

"भीती वाटली."

मग तो आपल्या आईकडे वळून म्हणाला, "तर मग गट्टीमेळ नको. मंगळसूत्राची ताळी बांधताना सगळे ढोल एकदम बडवतात, ते हिला सोसायचं नाही. वाजंत्र्यांना आधीच सांगून ठेवू."

"गट्टीमेळाशिवाय कुणी ताळी बांधतं का रे?"

"मला ढोलाशी लग्न करायचं नाही, आई."

सुमित्राबाई उठल्या. "घरी जाऊन कळवतो," म्हणाल्या. त्याचा अर्थ तर मलाही कळतो. आईने पदर डोळ्यांना लावला.

मी फाटकापर्यंत गगनच्या मागे गेले. "मला नीट सांग. मला अंदाज बांधता येत नाहीत. मला तू आवडतोस… खूप. आता तुझं सांग."

त्याचे कान लाल झाले. कानांकडे मला बघता येतं.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "लपवलंस, त्याचा राग आलाय. राग जाईल. मी नाही जाणार."

मी तिथेच रडले. त्याने हात पुढे केला, मध्येच थांबवला आणि विचारलं, "धरू?" मी हो म्हटलं. रस्त्यावरच्या गाडीतून त्याची आई बघत होती, तरी त्याने माझा हात घट्ट धरला.

पुढचा आठवडा आई माझ्याशी बोलली नाही. रविवारी दारात गाडी थांबली. गगनच्या आधी सुमित्राबाई उतरल्या, आईने पुढे केलेली खुर्ची त्यांनी घेतली नाही, उभ्या-उभ्याच मला म्हणाल्या, "आमच्याकडे अगदी मुकं लग्न होत नाही बघ, चैत्रा. ढोल नाही, नुसती नादस्वराची सनई… चालेल का गं तुला?"

"चालेल," मी म्हणाले. "लांबून."